विषाणूचा माग आणि आपल्या वाड्या



कोरोनाकाळात महाड-पोलादपूरचे कातकरी बांधव वीटभट्टीवरून परतले, की “यांनीच आजार आणला” असे बोल ऐकू येत. खरा माग मात्र विषाणूतच असतो. त्याच्या जनुकीय मजकुरात सुमारे ३०,००० अक्षरे असतात. नक्कल होताना एखादे अक्षर चुकते आणि ती चूक पुढच्या रुग्णांत उतरते. अशा चुका जुळवून शास्त्रज्ञ संसर्गाची वाट शोधतात. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्रातील नमुन्यांत असाच दुहेरी बदल वाढलेला दिसला. त्याच कुळातील एका प्रकाराला पुढे ‘डेल्टा’ हे नाव मिळाले.

पण ज्या वाडीतून नमुनाच जात नाही, तिथली वाट कोणालाच दिसत नाही. उरतो तो फक्त संशय. म्हणून वाडीत ताप आला, तर बोट दाखवू नका. तपासणीला सोबत जा.