नैरोबी ते केपटाऊन: लांबच्या सफरीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

नैरोबीहून केपटाऊनपर्यंतचा रस्ता सरळ गेला तरी पाच-सहा हजार किलोमीटरचा आहे. अभयारण्यांकडे वळणारे फाटे धरले की तो सहज दुप्पट होतो. केनिया, टांझानिया, झांबिया, झिंबाब्वे, बोत्सवाना, नामिबिया आणि दक्षिण आफ्रिका एवढे देश त्यावर लागतात. गाडीच्या टपावर उघडणारा तंबू, मागे पाण्याचे आणि डिझेलचे कॅन, आणि हाताशी काही महिने, एवढ्या तयारीवर अनेक जोडपी हा पल्ला पार करतात. निघण्याआधी त्यांच्या कानावर जे पडते त्यातले बरेचसे चुकीचे असते. सगळा खंड म्हणजे जणू एकच देश, ही समजूत त्या बहुतेक चुकांच्या मुळाशी असते.

आफ्रिकेचे क्षेत्रफळ सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या नऊपटींहून जास्त आहे, आणि संयुक्त राष्ट्रांचे ५४ सदस्य देश या खंडात आहेत. शाळेच्या भिंतीवरच्या मर्केटर नकाशात ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळजवळ सारखेच दिसतात. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदापट आहे. या चुकीच्या अंदाजाची किंमत लोकांना मोजावी लागते. २०१४ मध्ये गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या पश्चिमेकडील देशांत इबोलाची साथ पसरली, तेव्हा केनिया आणि टांझानियातल्या सहलीही धडाधड रद्द झाल्या. लायबेरियाची राजधानी मनरोव्हिया नैरोबीपासून पाच हजारांहून अधिक किलोमीटर दूर आहे. मुंबई ते नैरोबी हे अंतर साडेचार हजारांच्या आसपास भरते, म्हणजे त्या साथीच्या केंद्रापेक्षा मुंबईच नैरोबीला जवळ होती. आजार असो, चोरीमारी असो की राजकीय अशांतता, चौकशी देशाची आणि शक्यतो जिल्ह्याची करावी; खंडाची केलेली चौकशी निरुपयोगी असते.

घनदाट अरण्य आणि रणरणते ऊन, हे दुसरे ठरलेले चित्र. सदाहरित अरण्य मुख्यतः काँगोच्या खोऱ्यात आणि पश्चिम किनाऱ्यालगत आहे. सिंह, चित्ते, जिराफ आणि झेब्रे ज्या भागात सहज दिसतात ते प्रदेश म्हणजे गवताळ माळराने आणि काटेरी बाभळींची विरळ राने. वाघ तर आफ्रिकेच्या रानात कुठेच नाही. उन्हाचे म्हणावे तर नैरोबी समुद्रसपाटीपासून १,७०० मीटरहून उंच आहे आणि जुलैमध्ये तिथे सकाळी स्वेटर लागतो. कलहारीत जून-जुलैच्या रात्री पारा शून्याखाली उतरतो. नामिबियाच्या किनाऱ्याने बेंग्वेला हा थंड सागरी प्रवाह वाहतो, त्यामुळे वाळवंटाला लागून असलेल्या स्वाकोपमुंड गावात पहाटे दाट धुके आणि गारठा असतो. टपावरच्या तंबूत झोपणाऱ्यांनी जाड स्लीपिंग बॅग घेतलीच पाहिजे.

‘पावसाळा टाळला की झाले’ हा सल्लाही अर्धाच खरा आहे. बोत्सवानातल्या ओकावांगो त्रिभुज प्रदेशाला पूर येतो तो तिथे थेंबभरही पाऊस पडत नसताना. पाऊस पडतो उत्तरेला, अंगोलाच्या पठारावर, साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात. जमिनीला उतार जवळपास नाहीच, म्हणून ते पाणी महिनोन्‌महिने सरकत राहते आणि दक्षिण टोकाच्या माऊन गावाजवळ जून-जुलैच्या सुमाराला पोहोचते. भोवतालचा मुलूख नेमका त्याच वेळी सुकलेला असल्याने हत्ती, म्हशी आणि हरणे या पाण्याकडे येतात. ओकावांगो नदी समुद्राला मिळतच नाही; ती कलहारीच्या वाळूत आणि हवेत विरून जाते. या उथळ पाण्यातून फिरायला मोकोरो नावाची अरुंद, सपाट बुडाची होडी असते. तिच्यात पुढे दोघे बसतात आणि मागे उभा असलेला नावाडी लांब काठीने तळ रेटत होडी पुढे नेतो. व्हिक्टोरिया धबधब्याचा हिशेब आणखी वेगळा. सुमारे १,७०० मीटर रुंद आणि १०८ मीटर उंच असा हा प्रपात एप्रिल-मेमध्ये इतका भरलेला असतो की तुषारांच्या पडद्याआड तो नीट दिसतही नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झांबियाच्या बाजूला बराचसा उघडा कडाच पाहायला मिळतो. सगळ्यासाठी उत्तम असा एकच महिना या मार्गावर नाही.

टांझानियातले सेरेंगेटी आणि केनियातले मसाई मारा यांमधल्या स्थलांतराविषयीचा समजही असाच एका दृश्यात अडकलेला आहे. विल्डबीस्टचे कळप ऑगस्टमध्ये मारा नदीत उड्या घेतात, ते पाहिले की स्थलांतर पाहिले, असे मानले जाते. खरे तर सुमारे १३ लाख विल्डबीस्ट, त्यांच्यासोबत लाखो झेब्रे आणि गॅझेल हरणे, पावसाच्या आणि कोवळ्या गवताच्या मागे वर्षभर फिरत असतात. जानेवारीअखेर ते मार्च ते सेरेंगेटीच्या दक्षिणेला, न्दुटूच्या आखूड गवतात असतात. ज्वालामुखीच्या राखेने तिथली माती खनिजांनी समृद्ध केली आहे. बहुतेक माद्या तिथेच दोन-तीन आठवड्यांच्या अवधीत वितात; पिल्लू काही मिनिटांत पायांवर उभे राहते आणि आईमागे पळू लागते. एकाच वेळी इतकी पिल्ले जन्मल्याने शिकारी प्राण्यांच्या तोंडी त्यातली थोडीच लागतात. साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात कळप मारा नदीच्या आसपास असतात. चित्रफितींमुळे सगळे श्रेय मगरींना मिळते, पण बुडून मरणारी जनावरे मगरींनी धरलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात: वर्षाला सरासरी सहा हजारांवर. त्यांच्यावर गिधाडे, माराबू करकोचे आणि मासे पोसले जातात, आणि तळाशी राहिलेल्या हाडांतला फॉस्फरस पुढे कित्येक वर्षे नदीत झिरपत राहतो. किनाऱ्यावर गाड्यांची गर्दी उसळते त्या दहा मिनिटांपेक्षा ही कथा फार मोठी आहे.

तरसाइतका अन्याय दुसऱ्या कुठल्या प्राण्यावर झाला नसेल. भित्रा, उष्ट्यावर जगणारा, सिंहाच्या शिकारीवर टपलेला, अशी त्याची ओळख. महाराष्ट्राच्या माळरानांवर आणि डोंगरकपारीत आढळणारा पट्टेरी तरस मुख्यतः मेलेल्या जनावरांवर जगतो, हे खरे. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत प्रवाशाला भेटतो तो बहुधा ठिपकेदार तरस. त्याची जातच नव्हे, प्रजातीसमूहही वेगळा आहे आणि तो कसलेला शिकारी आहे. १९६० च्या दशकात हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो विवरात रात्ररात्र या कळपांचा माग काढला. न्गोरोंगोरोतले तरस आपले बहुतेक अन्न स्वतः मारून मिळवतात आणि सकाळी त्या शिकारीवर बसलेला सिंह अनेकदा ती हिसकावून घेणारा असतो, हे त्यातून स्पष्ट झाले. दिवस उजाडल्यावर येणाऱ्या माणसाला मध्ये सिंह आणि भोवती तरस दिसत, म्हणून चोर कोण याचा निवाडा उलटा झाला होता. या कळपात सत्ता माद्यांची असते. त्या नरांपेक्षा आकाराने मोठ्या असतात, आणि मुलीला आईच्या खालोखालचे स्थान मिळते. एखाद्या जोडप्याने सिंहाच्या शोधात पळणारी गाडी थांबवून तरसाच्या बिळापाशी तासभर घालवला तर त्यांना आफ्रिकेतले अतिशय गुंतागुंतीचे कुटुंबजीवन पाहायला मिळेल.

सफारी म्हणजे महागडे लॉज आणि सोबत गाईड, हेही सर्वत्र खरे नाही. दक्षिण आफ्रिकेतले क्रूगर आणि नामिबियातले इटोशा या राष्ट्रीय उद्यानांत स्वतःची गाडी चालवत फिरता येते. क्रूगरमध्ये डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्यावर ४० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि सूर्यास्तापूर्वी फाटकाच्या आत पोहोचावेच लागते. वर सांगितलेल्या सातही देशांत वाहने डावीकडून चालतात, ही भारतीयांची मोठी सोय. अडचण येते ती नामिबियाच्या खडीच्या रस्त्यांवर: पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या या रस्त्यांवर टायरमधली हवा कमी करून, वेग आवरून चालवले नाही तर वळणावर गाडी घसरते. काही खर्च मात्र खरोखरच जबर आहेत. या मार्गाबाहेरच्या रवांडात पर्वतीय गोरिलांच्या सहवासातला एक तास २०१७ पासून परदेशी पाहुण्याला १,५०० डॉलरला पडतो.

गाडीत बसलेल्या माणसावर सिंह झडप घालेल, अशी भीती नवख्यांना वाटते. मोटारींना सरावलेले प्राणी बंद गाडीकडे सहसा दुर्लक्ष करतात. खिडकीबाहेर अर्धे अंग काढले किंवा गाडीतून पायउतार झाले की परिस्थिती बदलते. खरी सावधगिरी मुक्कामावर हवी. बोत्सवानातल्या मोरेमी आणि सावुटीसारख्या तळांना कुंपण नसते. संत्री, मोसंबी जवळ ठेवू नयेत, कारण त्या वासाने हत्ती थेट तंबूपर्यंत येतात. पाणघोडे रात्री चरायला बाहेर पडतात. त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये माणसाने कधीही येऊ नये. बोत्सवाना आणि नामिबियात गुरांना लाळ्या-खुरकताचा संसर्ग होऊ नये म्हणून लांबच लांब कुंपणे घातली आहेत. त्यांच्या नाक्यावर शीतपेटी उघडून पाहतात, कच्चे मांस काढून घेतात आणि चपलांचे तळवेही औषधाच्या पाण्यात बुडवायला लावतात. आणि रात्री गाडी चालवू नये: बिनदिव्यांचे ट्रक आणि रस्त्यावर बसलेली गुरे यांचा धोका सिंहापेक्षा खूप मोठा आहे.

माणसांविषयीचे गैरसमज सर्वांत जास्त दुखावणारे असतात. मसाई म्हणजे पर्यटकांसाठी उड्या मारणारी लाल शालीतली माणसे, असे चित्र फिरते. मसाई माराच्या उत्तरेला आणि पूर्वेला असलेल्या संरक्षित क्षेत्रांत जमिनीची मालकी मसाई कुटुंबांची आहे. ती जमीन पर्यटन तळांना भाड्याने देतात, गाड्यांची संख्या मर्यादित ठेवतात आणि आपली गुरे ठरवून दिलेल्या पट्ट्यांत पाळीपाळीने चारतात. वन्यजीवन टिकले आहे ते या लोकांच्या निर्णयांमुळेही. वस्तीत जाताना रक्कम आधी ठरवावी आणि फोटोआधी विचारावे, हे ओघाने आलेच. व्यवहारात हा प्रदेश मागे आहे असेही नाही: मोबाइलवरून पैसे पाठवणारी एम-पेसा सेवा केनियात २००७ मध्येच सुरू झाली, आणि रस्त्याकडेची भाजीवालीही त्यावर पैसे घेते.

‘आफ्रिकेला युरोपीय येण्यापूर्वी इतिहास नव्हता’ या समजुतीचे उत्तर झिंबाब्वेत, मास्विंगो गावाजवळ उभे आहे. ग्रेट झिंबाब्वेच्या मोठ्या आवाराची भिंत सुमारे ११ मीटर उंच आणि अडीचशे मीटर घेराची आहे, चुना किंवा मातीचा गिलावा न वापरता घडीव ग्रॅनाइटची रचलेली. हे नगर अकराव्या ते पंधराव्या शतकात शोना लोकांच्या पूर्वजांनी उभारले. वसाहतवाल्यांनी त्याचे श्रेय फिनिशियनांना, शेबाच्या राणीला, कोणालाही दिले, पण स्थानिकांना नाही. १९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकआयव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी उत्खननातून त्याचे आफ्रिकी कर्तृत्व दाखवून दिले, तरी ऱ्होडेशियाच्या, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीच्या याच देशाच्या, गोऱ्या सरकारला ते मान्य नव्हते. तिथे सापडलेल्या चिनी भांड्यांच्या खापऱ्या हिंदी महासागरावरच्या व्यापाराची साक्ष देतात. १९८० मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाने याच नगराचे नाव घेतले.

पश्चिम भारताचाही या भूमीशी जुना संबंध आहे. रोझेंडो रिबेरो हे गोव्याचे डॉक्टर नैरोबी वसत होते त्या काळात, १९०० च्या सुमारास, तिथे स्थायिक झाले आणि झेब्र्यावर बसून रोग्यांकडे जात. १९०२ मध्ये तिथला प्लेग ओळखणारे तेच. जेवणाचीही फार काळजी नको. केनिया-टांझानियात चपाती रोजची आहे. जोडीला राजम्यासारखी शिजवलेली कडधान्ये, सुकुमा विकी ही पालेभाजी आणि मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही.

शेवटचा मुद्दा प्रकृतीचा. हिवताप संपूर्ण मार्गावर सारखा नाही: केपटाऊनमध्ये तो नाही, नामिबियाच्या वाळवंटी भागात धोका जवळजवळ नसतो, तर सखल आणि पाणथळ प्रदेशात, विशेषतः पावसानंतर, तो मोठा असतो. प्रतिबंधक गोळ्या त्या भागात शिरण्यापूर्वी सुरू कराव्या लागतात आणि बाहेर पडल्यावरही औषधानुसार एक ते चार आठवडे चालू ठेवाव्या लागतात. संध्याकाळ ते पहाट मच्छरदाणी आणि लांब बाह्या लागतात. परतल्यावर काही महिन्यांनी ताप आला तरी डॉक्टरांना प्रवास सांगावा. पीतज्वराची लस दर दहा वर्षांनी घ्यावी लागते, हा समज जुना झाला. जुलै २०१६ पासून तिचे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. ते ग्राह्य ठरते टोचल्यानंतर दहा दिवसांनी, त्यामुळे निघायच्या आदल्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही. केनियासारख्या पीतज्वरग्रस्त देशातून भारतात येणाऱ्या प्रत्येकाकडे ते लागते. जोडप्यातल्या एकाकडे असून दुसऱ्याकडे नसेल, तर त्या दुसऱ्याला विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.