विश्लेषण : जुनी जिप्सी ताशी ७० नंतरच का थरथरते?

नागपूर शहरात ताशी ४०-५० ने जुनी जिप्सी निमूट चालते. शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढली आणि काटा ७० च्या पुढे सरकला, की आसनाखालून बारीक थरथर सुरू होते. ८० ला गिअरची दांडी वाजू लागते. ९५ ला कधी कधी सारे पुन्हा शांत. मालक टायरवाल्याकडे जातो, बॅलन्सिंग करतो, अलाइनमेंट करतो, शेवटी टायरही बदलतो. थरथर तशीच राहते.

नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. जुन्या रस्त्यांवर ट्रक, गावे आणि गतिरोधक यांमुळे एकच वेग फार वेळ टिकत नसे. समृद्धीवर तो तासभर टिकतो. त्यामुळे वर्षानुवर्षे दडून राहिलेला दोष तिथे उघडा पडतो. यात केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. थरथरणारा प्रॉपेलर शाफ्ट कधी ना कधी सुटू शकतो आणि तो कुठल्या वेगाला सुटतो यावर पुढचे सारे अवलंबून असते.

जिप्सीचाच प्रश्न का?

मारुती जिप्सी १९८५ मध्ये भारतात आली. १९९६ मध्ये १.३ लिटर इंजिनाची ‘जिप्सी किंग’ आली आणि २०१९ च्या सुमारास सर्वसामान्य ग्राहकांसाठीची विक्री थांबली. लष्कर, पोलीस, हिमालयातल्या रॅली आणि पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडल्याची सफारी असा या गाडीचा संसार. विदर्भात तिचे चाहते आजही कमी नाहीत. मात्र आज रस्त्यावर असलेली प्रत्येक जिप्सी जुनीच आहे.

तिची रचनाही वेगळी आहे. बहुतेक फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सलाच जोडलेली असते. जिप्सीत ती वेगळी, चासीवर रबरी माउंटिंगवर टांगलेली असते. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यामध्ये एक आखूड शाफ्ट असतो आणि तिथून पुढच्या व मागच्या धुरीकडे आणखी दोन. म्हणजे एका गाडीत तीन शाफ्ट, त्यांचे क्रॉस आणि भरीला ती माउंटिंगे. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यांत आणि तेलाच्या ओघळांत रबर कडक होते, चिरते. माउंटिंग बसले की ट्रान्सफर केस किंचित कलते आणि तिन्ही शाफ्टचे कोन एकदम बिघडतात. मिस्त्री क्रॉस बदलतो, पण माउंटिंगकडे बघत नाही. गाडी महिन्याभरात परत येते ती यामुळेच.

थरथरीचा ‘ठोका’ कसा ओळखायचा?

प्रत्येक फिरणारा भाग आपल्या वेगाने थरथरतो. २०५/७० आर १५ मापाच्या टायरचा परीघ सुमारे २.१ मीटर. ताशी ८० ला चाक सेकंदाला साधारण साडेदहा फेरे घेते. डिफ्रन्शिअलचे प्रमाण ढोबळमानाने ४ धरले, तर मागचा शाफ्ट सेकंदाला ४२ फेरे घेतो. ट्रान्सफर केस ‘हाय’मध्येही वेग सुमारे १.४ पटीने कमी करत असल्याने गिअरबॉक्समागचा आखूड शाफ्ट सेकंदाला जवळपास ६० फेरे घेतो. गाडीतला सर्वात वेगवान शाफ्ट हाच, आणि सर्वात दुर्लक्षितही हाच.

चाकाचा किंवा टायरचा दोष असेल तर स्टिअरिंग आणि आसन डोळ्यांना दिसेल असे हलते. शाफ्टचा दोष असेल तर पायाखालच्या पत्र्यात गुणगुण जाणवते, आरशातले चित्र धूसर होते. मोबाइलमधील संवेदकाने थरथर मोजणारी मोफत अ‍ॅप मिळतात. फोन आसनाच्या पट्टीला घट्ट बांधून, वेग स्थिर ठेवून शेजारी बसलेल्याने नोंद घ्यावी. दहाच्या आसपासचा आकडा चाकाकडे बोट दाखवतो, चाळिसाच्या आसपासचा शाफ्टकडे. त्यापुढच्या आकड्यांवर फोनचा फार भरवसा ठेवू नये.

नागपुरात एक फसगत मात्र हमखास होते. सिमेंट रस्त्याला ठरावीक अंतरावर आडवे सांधे असतात. ते साडेचार मीटरवर असतील तर ताशी ८० ला सेकंदाला पाच ठोके बसतात. डांबरी रस्त्यावर गेल्यावर ते थांबत असतील, तर गाडी निर्दोष आहे!

पुढची चाचणी कोणती?

थरथर सुरू असलेल्या वेगाला क्लच दाबून गाडी न्यूट्रल करायची. इंजिन मंदावल्यावर थरथर गेली तर इंजिन, क्लच किंवा त्यांची माउंटिंगे संशयित. तशीच राहिली तर दोष गिअरबॉक्सच्या मागे. अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर वाढते आणि सोडल्यावर बदलते, तर क्रॉसमधला प्ले किंवा क्राऊन-पिनियन बघावे. केवळ जागेवरून उचलताना गाडी थरथरत असेल तर मागच्या कमानींना पीळ बसून धुरीचे नाक वर उचलले जात असण्याची शक्यता असते.

पुढच्या हबला फ्री-व्हील लॉक असेल तर काम सोपे. टू-व्हील-ड्राइव्हमध्ये हब मोकळे ठेवून आणि मग लावून असे दोनदा चालवायचे. लावल्यावरच थरथर येत असेल तर पुढचा शाफ्ट दोषी. सर्वात खात्रीची चाचणी मेहनतीची आहे. मागचा शाफ्ट दोन्ही फ्लँजवरून उतरवायचा, फोर-व्हीलमध्ये टाकून गाडी फक्त पुढच्या चाकांवर मोकळ्या रस्त्यावर चालवायची. थरथर गेली तर गुन्हेगार हाती लागला. शाफ्ट काढण्यापूर्वी फ्लँजवर खूण करायला विसरू नये. तो उलटा बसला तर नवीच थरथर मागे लागते.

क्रॉस नवा, तरी थरथर का?

क्रॉस जॉइंट कोनात फिरतो तेव्हा पलीकडचा शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत नाही. दर फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. १० अंशांच्या कोनाला हा फरक दीड टक्क्याच्या आसपास असतो, २० अंशांना सहा टक्क्यांवर जातो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन समान असतील आणि दोन्ही यॉक एका रेषेत असतील, तर एका टोकाची घाई दुसरे टोक भरून काढते. शाफ्टचा सरकता भाग सोडून एक दात चुकवून बसवला, की ते गणित मोडते. नव्या कोऱ्या क्रॉसनंतरही गाडी आधीपेक्षा जास्त थरथरते ती अशी.

सफारीसाठी किंवा हौसेसाठी गाडी उंच केली, कमानीत जादा पाटा घातला, लांब शॅकल लावले, तरी तेच होते. धुरीचा कोन बदलतो. कमान आणि धुरी यांच्यामध्ये उतरती पाचर बसवून पिनियनचा कोन परत मिळवता येतो. उंची वाढवणाऱ्या फार थोड्या गॅरेजमध्ये तो मोजला जातो. शंभर-दोनशे रुपयांचा कोनमापक किंवा फोनही त्यासाठी पुरतो. गाडी मात्र चाकांवर उभी हवी. जॅकवर धुरी लोंबकळत असताना घेतलेला कोन निरुपयोगी.

वाकलेल्या शाफ्टचे बॅलन्सिंग लेथवाल्याकडे अंदाजाने करू नये. त्यासाठी शाफ्ट पूर्ण वेगाने फिरवणारे यंत्र लागते. मोठ्या ट्रकच्या शाफ्टचे काम करणाऱ्यांकडे ते मिळू शकते, आणि वाडीसारखा वाहतूक पट्टा शहराला लागूनच असल्याने शोध तिथून सुरू करता येतो.

रस्त्यातच आवाज वाढला तर?

उलट्या-सुलट्या चालीत ‘टक्’ असा आवाज, क्रॉसभोवती गंजाची लालसर पूड आणि हाताने जाणवणारा प्ले या तीन खुणा एकत्र दिसल्या, तर ती गाडी समृद्धीवर नेऊ नये. पुढचे टोक सुटले तर शाफ्ट रस्त्यात रुतून गाडी मागून उचलली जाऊ शकते. मागचे सुटले तर तो फिरत राहून ब्रेकची नळी आणि टाकी झोडपतो. शाफ्टखाली लोखंडी पट्टीचा फास लावून घेण्याची पद्धत रॅलीच्या गाड्यांत आहे. महामार्गावर थरथर एकाएकी वाढली तर करकचून ब्रेक न मारता अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, गाडी कडेला घ्यावी आणि खाली वाकून बोल्ट मोजावेत. फ्लँजला ते चार असतात. तीन भरले तर गाडी टोइंगवरच परत आणावी.