एकच प्रश्न, उत्तराचा वेळ निराळा

वरणगांवच्या शेतकऱ्यास खरिपाच्या पीककर्जासाठीं सातबाऱ्याचा उतारा लागतो. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा महाराष्ट्रांत संगणकावरून मिळूं लागला. अशा कोणत्याहि संगणकीय दप्तरांत, म्हणजे डेटाबेसांत, एक अनुभव येतो. तोच गट नंबर पुन्हां पुन्हां विचारला, तर उत्तर एकदां दोन सेकंदांत, तर एकदां निमिषार्धांत येतें. प्रश्न तोच, दप्तर तेंच. मग वेळ कां बदलावा?

जुन्या काळीं उतारा मागितला, म्हणजे तलाठी कपाटांतून रुमाल काढी, गांठ सोडी व पान शोधी. लगेच दुसऱ्या कोणी तेंच पान मागितलें, तर तें मेजावर उघडेंच असे. संगणकांत हार्ड डिस्क हें कपाट व स्मृति हें मेज होय. फिरत्या डिस्कवरून एखादें पान आणण्यास सुमारें १० मिलिसेकंद लागतात. स्मृतींतून तेंच काम त्याच्या हजारांश वेळाहूनहि लवकर होतें. नव्या प्रकारच्या डिस्कांनीं हें अंतर घटविलें, तरी मिटविलें नाहीं. शिवाय मेजावर जागा थोडी. इतरांचीं पानें आलीं, कीं पहिलें पान हलतें आणि पुढचा शोध पुन्हां सावकाश होतो.

याखेरीज आणखी कारणें आहेत. एकाच वेळीं पुष्कळांनीं प्रश्न विचारले, तर रांग लागते. कोणी नोंद बदलीत असेल, तर कांहीं दप्तरांत वाचणाऱ्यासहि थांबावें लागतें. शोधाची वाट यंत्र अंदाजानें ठरवितें. नोंदी वाढल्यावर अंदाज बदलतो, आणि सूची सोडून सारें दप्तर चाळण्याचीहि पाळी येते.

यांतून एक व्यावहारिक बोध निघतो. अधिकाऱ्यानें एकच गट नंबर तीनदां विचारून ‘यंत्र जलद आहे’ असा निर्वाळा दिला, तर त्यानें मेजावरचेंच पान मोजलें. रांगेंतील प्रत्येकाचा गट निराळा असतो. त्यांच्या वांट्यास कपाटच येतें. सरासरीहि फसवी असते. नऊ उत्तरें एकेक सेकंदांत व दहावें एकतीस सेकंदांत आलें, तर सरासरी चार सेकंद होते. पण चार सेकंद कोणासच लागलेले नसतात.

म्हणून निरनिराळे गट नंबर घेऊन, गर्दीच्या वेळीं व निवांतपणींहि, पुष्कळ वेळां मोजावें. आणि मधल्या आंकड्याबरोबर सर्वांत मोठा आंकडाहि लिहून ठेवावा. रांगेंतल्या शेवटच्या माणसाची तक्रार खरी कीं खोटी, हें त्या मोठ्या आंकड्यावरूनच कळतें.