ग्रहण परत कधी येतं? २२३ पौर्णिमांचा हिशोब

(दापोडी इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं आयुष्य पाळ्यांमध्ये गेलंय, निदान घरातल्या कुणाचं तरी गेलंय. सात-तीन, तीन-अकरा, अकरा-सात. आजचा विषय समजायला ही तयारी पुरेशी आहे. का, ते सांगतो.

चार तारखा देतो. वेळा आपल्या घड्याळाप्रमाणे आहेत आणि ग्रहणाच्या मध्याच्या आहेत. ७ ऑगस्ट १९७१, रात्री सव्वा वाजता. १७ ऑगस्ट १९८९, सकाळी ८ वाजून ३८ मिनिटं. २८ ऑगस्ट २००७, दुपारी ४ वाजून ७ मिनिटं. आणि ७ सप्टेंबर २०२५, रात्री ११ वाजून ४१ मिनिटं. चारही खग्रास चंद्रग्रहणं. आता पाळ्या लावून बघा. पहिलं तिसऱ्या पाळीत, दुसरं पहिल्या पाळीत, तिसरं दुसऱ्या पाळीत आणि चौथं पुन्हा तिसऱ्या पाळीत. दोन तारखांमध्ये दर वेळी १८ वर्षं आणि दहा-अकरा दिवस. वर साधारण आठ तास.

ही चार वेगवेगळी ग्रहणं म्हणण्यापेक्षा एकाच ग्रहणाच्या चार फेऱ्या म्हणा. या आवर्तनाला 'सारोस' म्हणतात. नावाची गंमत अशी की बाबिलोनियाच्या लोकांनी या चक्राला हे नाव दिलेलंच नव्हतं. त्यांच्याकडे 'शार' म्हणजे ३६०० ही संख्या. एडमंड हॅली, तोच धूमकेतूवाला, त्याने १६९१ मध्ये जुन्या ग्रंथांच्या घोटाळ्यातून हे नाव या चक्राला चिकटवलं. नाव चुकीचं, चक्र मात्र खरं, आणि खरोखर बाबिलोनियाचंच. त्यांच्याकडे शेकडो वर्षांच्या ग्रहणांच्या नोंदी मातीच्या विटांवर लिहिलेल्या होत्या. त्यातून त्यांना कळलं की २२३ चांद्रमासांनी ग्रहण परत येतं.

२२३ च का? आधी हे बघू की प्रत्येक पौर्णिमेला ग्रहण का होत नाही. पृथ्वीची सावली सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला पडते आणि पौर्णिमेचा चंद्रही त्याच बाजूला असतो. पण चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. चंद्रबिंब अर्ध्या अंशाचं, सावली त्याच्या पावणेतीन पट वगैरे. त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून नाहीतर खालून निघून जातो. दोन वाटा एकमेकींना जिथे छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. पौर्णिमा या बिंदूंपाशी, दहा-बारा अंशांच्या आत झाली, तरच ग्रहण. राक्षस, अमृत, कापलेलं डोकं ही कथा मला आवडते, पण पंचांगात राहूचे जे अंश-कला छापलेले असतात ते या छेदनबिंदूचे असतात. तो बिंदू उलटा सरकतो, साधारण १८.६ वर्षांत एक फेरी.

म्हणजे आपल्याकडे दोन चाकं आहेत. एक पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंतचं, २९.५३०६ दिवसांचं. दुसरं, चंद्र राहूपाशी गेला की पुन्हा राहूपाशी येईपर्यंतचं, २७.२१२२ दिवसांचं. इथे गिअर कापलेले लोक असतील. दोन गिअरच्या एकेका दाताला खडूने खूण केली. त्या खुणा आज समोरासमोर आहेत. पुन्हा समोरासमोर कधी येतील? हाच प्रश्न आहे. पहिल्या चाकाच्या २२३ फेऱ्यांना ६५८५.३२ दिवस लागतात. दुसऱ्याच्या २४२ फेऱ्यांना ६५८५.३६. फरक फक्त ५२ मिनिटांचा!

आणि यात एक बोनस आहे. चंद्र पृथ्वीच्या जवळ येतो, लांब जातो, त्याचंही एक चाक आहे, २७.५५ दिवसांचं. त्याच्या २३९ फेऱ्या म्हणजे ६५८५.५४ दिवस. तेही जवळपास जुळतं. म्हणून परत येणारं ग्रहण नुसतं येत नाही, ते मागच्यासारखं दिसतंही. चंद्र तेवढाच लांब, वेग साधारण तोच.

गिअर ही नुसती उपमा नाही बरं का. ग्रीसजवळ अँटिकिथेरा बेटापाशी बुडालेल्या जहाजातून १९०१ मध्ये एक गंजलेलं ब्राँझचं यंत्र वर आलं. दोन हजार वर्षांपूर्वीचं. त्यात २२३ दात्यांचं चाक आहे, आणि मागच्या बाजूला २२३ घरांची नागमोडी तबकडी. शिवाय एक छोटी तबकडी तीन भागांची: एक भाग कोरा, एकावर ८, एकावर १६. ग्रहणाच्या वेळेत किती तास मिळवायचे, ते सांगणारी. आपल्या पाळ्याच त्या! ६५८५ दिवसांवरचे जे ०.३२ दिवस उरतात, तेच हे आठ तास. तेवढ्यात पृथ्वी तिसरा हिस्सा फिरते आणि ग्रहण वेगळ्या देशावर जातं. १९८९ आणि २००७ ची ग्रहणं झाली, अगदी हिशोबाप्रमाणे झाली, पण पुण्यात चंद्र तेव्हा क्षितिजाखाली होता. तीन फेऱ्या झाल्या, ५४ वर्षं आणि महिनाभर, की पाळी पुन्हा आपली.

आता आपल्या पंचांगाने हेच मोजू, कारण त्यात मला जास्त मजा वाटते. १७ ऑगस्ट १९८९ ला नारळी पौर्णिमा होती. २८ ऑगस्ट २००७ लाही नारळी पौर्णिमाच. अठरा वर्षांचे महिने २१६. मग २२३ कसे? मधले अधिक महिने मोजा. १९९१ चा वैशाख, १९९३ चा भाद्रपद, १९९६ चा आषाढ, १९९९ चा ज्येष्ठ, २००१ चा आश्विन, २००४ चा श्रावण, २००७ चा ज्येष्ठ. सात. २१६ आणि ७, झाले २२३. पुढच्या फेरीत, म्हणजे २००७ ते २०२५ मध्ये, अधिक महिने सहाच आले: २०१०, २०१२, २०१५, २०१८, २०२० आणि २०२३. एक महिना कमी पडला. म्हणून ग्रहण श्रावणातून सरकून भाद्रपद पौर्णिमेला आलं. घरी जुनी पंचांगं असतील तर स्वतः पडताळून बघा.

एका श्रोत्यांनी मध्येच विचारलं: मग आपल्याकडचे ज्योतिषी सारोसच वापरायचे का? नाही. आपली परंपरा निराळी आहे. सिद्धान्तग्रंथ 'परत कधी' असं विचारत नाहीत. ते विचारतात, 'आत्ता कुठे?' सूर्य कुठे, चंद्र कुठे, राहू कुठे, हे गणिताने काढायचं आणि सावलीत चंद्र शिरतो का ते बघायचं. महाराष्ट्रात हे काम ज्या ग्रंथाने शेकडो वर्षं केलं तो म्हणजे गणेश दैवज्ञांचा 'ग्रहलाघव', १५२० सालचा. कोकणातलं मुरुड-जंजिऱ्याजवळचं नांदगाव हे त्यांचं गाव. वडील केशव दैवज्ञ स्वतः आकाश बघून वेध घेणारे. गणेश दैवज्ञांनी ज्या-कोटिज्यांची किचकट आकडेमोड ग्रंथातून काढूनच टाकली. आणि मोजायचे दिवस लाखांत जाऊ नयेत म्हणून ११ वर्षांचं, ४०१६ दिवसांचं एक 'चक्र' धरलं. किती चक्रं झाली ते बघा, दर चक्रामागे ठरलेला आकडा वजा करा, उरलेल्या दिवसांचं गणित करा. हे ग्रहणाचं आवर्तन नव्हे, याची गल्लत करू नका. आकडे लहान ठेवायची युक्ती आहे ती.

पण कुठल्याही गणितात बारीक चूक साठत जाते. तीनशे-साडेतीनशे वर्षांनी ग्रहलाघवाच्या वेळा आकाशाशी पुरेशा जुळेनात. तिथी तासा-दोन तासांनी चुकली तर अंगणात उभ्या माणसाला कळत नाही. ग्रहण चुकलं तर सगळ्या गावाला कळतं. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' काढली, त्यानंतर पटवर्धनी पंचांग निघालं, वाद पेटले. त्या काळात आणि नंतरही अशी पंचांगं होती, ज्यांत तिथी जुन्या ग्रंथाच्या आणि ग्रहणं मात्र नव्या गणिताची. मला हे अप्रामाणिक वाटतं. ग्रहणाच्या रात्री चंद्र जिथे असतो, तिथलंच गणित इतर रात्रींना का नको? हा सगळा इतिहास मराठीत वाचायचा असेल तर शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं 'भारतीय ज्योतिषशास्त्र', १८९६. वाचायला सोपं नाही, पण तोडीचं दुसरं नाही.

बारीक चूक सारोसलाही सुटत नाही. ती ५२ मिनिटं आठवतात ना? तेवढ्या वेळात चंद्र सुमारे अर्धा अंश सरकतो. दर फेरीला राहू-केतूपासून अर्धा अंश इकडे किंवा तिकडे. आपल्या मालिकेत १९७१ ला चंद्र जवळजवळ सावलीच्या मध्यातून गेला, खग्रास स्थिती सुमारे ९९ मिनिटं टिकली. २००७ ला ९०. २०२५ ला ८२. मालिका उतरणीला लागली आहे. अशी प्रत्येक मालिका छायाकल्प ग्रहणाने सुरू होते, खंडग्रास होते, खग्रास होते, पुन्हा खंडग्रास होते आणि विरून जाते. साधारण ७० ते ८० ग्रहणं, बारा-तेरा शतकं. एकाच वेळी अशा कितीतरी मालिका चालू असतात, म्हणून आपल्याला ग्रहणासाठी अठरा वर्षं थांबावं लागत नाही. एका सारोसात ग्रहणाची शक्यता असलेल्या पौर्णिमा ३८: त्यांतली अंतरं ३३ वेळा सहा महिन्यांची आणि ५ वेळा पाच महिन्यांची. बेरीज करा, २२३ च येईल. बाबिलोनियाच्या लोकांनी ही मांडणी केलेली होती.

आणखी एक प्रश्न: आज संगणक असताना हे कशाला? वेळ मिनिटा-सेकंदांत हवी असेल तर सारोस नकोच. चंद्राचा वेग कमी-जास्त होतो, त्यामुळे आठ तासांऐवजी कधी साडेसात मिळतात. आपल्या चार तारखांत तेच झालंय, वजाबाकी करून बघा. पण सारोसला दुर्बीण लागत नाही, गुरुत्वाकर्षणाचा नियमही लागत नाही. नोंदवही लागते. २७ जुलै २०१८ ची गुरुपौर्णिमेची रात्र आठवतेय? मध्यरात्रीनंतरचं लांबलचक खग्रास ग्रहण. त्यात अठरा वर्षं आणि दहा दिवस मिळवा. ७ ऑगस्ट २०३६, मध्य सकाळी आठच्या पुढे, म्हणजे आपल्याकडे चंद्र मावळल्यावर. कागदाच्या चिठोऱ्यावर झालं.

मग आपल्या मालिकेचं पुढचं ग्रहण? १९ सप्टेंबर २०४३. पहाटे साडेपाचनंतर सावली लागेल आणि खग्रास व्हायच्या आधीच पुण्यात चंद्र मावळेल. पंचांगात याला 'ग्रस्तास्त' म्हणतात. त्याच्या पुढचं २०६१ मध्ये, दिवसा, आपल्याला दिसणार नाही. आणि तिसरी फेरी १० ऑक्टोबर २०७९, पुन्हा रात्रीची. पुढे बसलेल्या शाळेतल्या मुलांनी तारीख लिहून घ्या. तेव्हा आश्विन पौर्णिमा, म्हणजे कोजागिरी आहे. पावसाळा सरलेला असेल. २०२३ च्या कोजागिरीला खंडग्रास ग्रहण आलं होतं, तेव्हा दूध कधी आटवायचं यावर घरोघरी चर्चा झाली होती. तुमच्याकडे विचार करायला पन्नासहून जास्त वर्षं आहेत.