पाऊस तोच, नुकसान वेगळे का?



यवतमाळ जिल्ह्यातील बहुतांश कपाशी, सोयाबीन व तूर कोरडवाहू आहे. हवामान बदलामुळे पावसात मोठे खंड पडतात आणि एकाच दिवशी धो-धो कोसळण्याचे प्रसंगही वाढतात. परंतु पीक बुडाले म्हणजे घर बुडालेच, असे होत नाही. त्या वर्षी मुलीची शाळा सुटते काय, आजाऱ्याला वेळेवर औषध मिळते काय, हे पावसाइतकेच बँक, रेशन, विमा आणि सरकारी खात्यांच्या कारभारावर ठरते. शिक्षण, आरोग्य व उत्पन्न यांवरूनच मानव विकास मोजतात.

१९७२ चा दुष्काळ आठवा. पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. पिके गेली, पण मोठ्या प्रमाणावरील भूकबळी टळले. पुढे १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने काम मागण्याचा हक्कच दिला. पाऊस कोणाच्या हाती नव्हता, हजेरीपत्रक मात्र होते.

आजचे उदाहरण पीक विम्याचे. २०२५ च्या खरिपापासून राज्यात भरपाईचा आधार पीक कापणी प्रयोग हा झाला. यात तुमच्या शेताचे नव्हे, तर महसूल मंडळात निवडलेल्या प्लॉटचे उत्पादन मोजतात. मंडळाची सरासरी उंबरठा उत्पादनापेक्षा जितके टक्के कमी, तितके टक्के विमा रक्कम मिळते. समजा, उंबरठा हेक्टरी १० क्विंटल आणि प्रत्यक्ष उत्पादन ६ क्विंटल आहे, तर भरपाई ४० टक्के. तेच उत्पादन ८ क्विंटल नोंदले गेले तर भरपाई २० टक्के. दोन क्विंटलच्या चुकीने मंडळातील प्रत्येक विमाधारकाचे निम्मे पैसे जातात! कपाशीत तर अनेक वेचण्या. प्रत्येक वेचणीचे वजन त्याच प्लॉटवर, समक्ष व्हावयास हवे. घरी बसून भरलेला तक्ता दुष्काळापेक्षा कमी घातक नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

म्हणून आपल्या मंडळातील प्रयोग कोणत्या गावी, कोणत्या गट क्रमांकात व कोणत्या तारखेस आहे, हे कृषी, महसूल किंवा ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांना आधीच विचारा. वजनाच्या वेळी चार जणांनी हजर राहून आकडा वहीत टिपून ठेवा. ई-पीक पाहणीही मुदतीत करा. विमा कपाशीचा आणि सातबारावर सोयाबीन, अशी तफावत निघाल्यास अर्ज बाद होऊ शकतो.