तपकिरी तुडतुडे आणि भाताचा ‘प्रतिकारक’ वाण

तपकिरी तुडतुड्यांवरील संशोधनात दोन भातवाणांची नावे जगभर आढळतात : पीटीबी ३३ आणि एएसडी ७. पहिला पट्टांबी येथील, दुसरा अंबासमुद्रम येथील. ही दोन्ही गावे पूर्वी मद्रास प्रांतात होती व त्यांचा कारभार आजच्या चेन्नईहून चाले. पट्टांबी १९५६ मध्ये केरळात गेले. एकाच प्रांतातील या दोन वाणांची पुढील वाटचाल मात्र वेगळी झाली.

ही कीड चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर बसून रस शोषते. त्यामुळे बांधावरून शेत हिरवेगार दिसत असतानाच आत गोलाकार पट्टे करपू लागतात. १९७३-७४ मध्ये केरळातील कुट्टनाड भागात तिचा मोठा उद्रेक झाला होता.

प्रतिकारक्षमतेची प्राथमिक चाचणी पेटीत होते. उथळ ट्रेमध्ये निरनिराळ्या वाणांच्या ओळी पेरतात. त्यांच्यासोबत टीएन १ हा बळी पडणारा आणि पीटीबी ३३ हा तग धरणारा असे दोन तुलनात्मक वाण असतात. (टीएन म्हणजे तमिळनाडू नव्हे, हा तैवानमधील ‘ताइचुंग नेटिव्ह’.) कोवळ्या रोपांवर दर रोपामागे साधारण सहा ते आठ लहान पिल्ले सोडतात. टीएन १ ची सुमारे ९० टक्के रोपे मेली की सर्व ओळींना ० ते ९ गुण देतात. शून्य म्हणजे इजा नाही, नऊ म्हणजे सर्व रोपे मृत. पेटीतील टीएन १ मेलाच नाही, तर इतर वाणांचे चांगले गुण निरर्थक ठरतात. तुडतुडेच पुरेसे नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. एकेकाळी बुटक्या वाणांचा अग्रदूत असलेला टीएन १ आज अशा रीतीने मरण्यासाठीच पेरला जातो.

रोप का वाचले, हे मात्र पेटी सांगत नाही. त्यासाठी बुंध्याशी ब्रोमोक्रेसॉल ग्रीन लावलेला गाळणकागद ठेवतात. अन्नवाहिनीतील रस पोटभर मिळालेल्या किडीच्या चिकट विष्ठेचे निळे डाग त्यावर मोठ्या क्षेत्रावर उमटतात. प्रतिकारक वाणावर ते थोडेच दिसतात. कीड सोंड खुपसते, पण रस घेत नाही. काही वाणांवर कीड भरपूर वाढते, तरीही पीक उभे राहते. ही सहनशीलता होय. रोपावस्थेत नापास झालेला असा वाण शेतात कामाचा असू शकतो, म्हणून केवळ पेटीच्या निकालावर वाण बाद करणे घाईचे ठरते.

मुडगो या भारतीय वाणातील बीपीएच १ जनुक घेऊन फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा आयआर २६ हा वाण १९७३ मध्ये आला. तो मोठ्या क्षेत्रावर पसरला आणि अवघ्या काही हंगामांत त्यावर जगणारे तुडतुडे बळावले. १९७६ मध्ये आलेल्या आयआर ३६ ला एएसडी ७ मध्ये आढळलेल्या बीपीएच २ जनुकाने सावरले. तथापि दक्षिण आशियातील तुडतुड्यांना हे दोन्ही जनुक अडवू शकत नाहीत. अंबासमुद्रमच्या वाणात सापडलेला जनुक परदेशात उपयोगी पडला, घरच्या किडीपुढे तोकडा ठरला! पीटीबी ३३ मध्ये प्रतिकाराचे एकाहून अधिक जनुक आहेत. आजही तुलनेसाठी तोच वापरला जातो, यामागे हेच कारण आहे.

भंडारा, गोंदिया वा कोकणात वाणाची शिफारस करताना कृषी विस्तार कार्यकर्त्याने म्हणूनच तीन गोष्टी विचाराव्यात : चाचणी कोणत्या वर्षी झाली, कोणत्या भागातील तुडतुड्यांवर झाली आणि ती केवळ पेटीत झाली की शेतातही. वाण प्रतिकारक असला तरी लावणीत मोकळे पट्टे ठेवावेत, युरियाचा अतिरेक टाळावा आणि सिंथेटिक पायरेथ्रॉइड फवारू नये. त्याने मित्रकीटक मरून तुडतुडे उलट वाढतात. आठवड्यातून एकदा बांधावर न थांबता शेतात उतरून चूड बाजूला सारावे व बुंध्याशी बसलेले तुडतुडे मोजावेत. प्रतिकारक म्हणून घेतलेल्या वाणावर ते दरवर्षी अधिक दिसू लागले, तर ती नोंद जवळच्या संशोधन केंद्राला त्याच हंगामात कळवावी.