मास्क अंगवळणी पडताना

पक्षाघात झालेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांचा श्वास झोपेत अडखळतो. त्यावरचा उपाय म्हणजे मास्कमधून हवेचा सौम्य दाब देणारे सीपॅप यंत्र. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ते मांडले. बेंगळुरूत निम्हान्समध्ये मेंदू आणि झोप, दोन्हींवर काम चालते, पण खरी कसोटी घरी लागते.

चेहऱ्याची एक बाजू लुळी असली की तोंडाच्या कोपऱ्यातून हवा निसटते. पट्टे एका हाताने आवळता येत नाहीत. चुंबकी क्लिप सोयीची. मात्र पेसमेकर किंवा मेंदूत धातूची क्लिप असेल तर ती नको. बोलता न येणाऱ्याला मास्क टोचतोय हे सांगताही येत नाही, म्हणून सकाळी नाकावरचे वळ घरच्यांनीच पाहावेत. सवय दिवसा, टीव्ही बघताना लावावी. यंत्राच्या टाकीत डिस्टिल्ड पाणीच घालावे, बोअरवेलचे जड पाणी नव्हे.

रात्री किमान ४ तास वापर हा रूढ निकष. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या २,६८७ जणांच्या ‘सेव्ह’ चाचणीत (२०१६, भारतही सहभागी) सरासरी ३.३ तासच भरली. नवे झटके घटले नाहीत. दिवसाची पेंग मात्र कमी झाली.